पुन्हा उजवीकडे

मी पाहिले होते. हे आधी सांगून टाकते, कारण त्या सकाळपासून मनात सलत राहिले आहे ते हेच. मी घाईत नव्हते, फोनवर बोलत नव्हते, कुठल्या विचारात हरवलेलीही नव्हते. प्रागमध्ये लेकीकडे येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी एकटी बाहेर पडले होते. ऑक्टोबर संपत आला होता. रात्रीच्या पावसाने फुटपाथवरचे लहान लहान चौकोनी दगड ओले होते, ट्रामचे रूळ चकाकत होते आणि हवेत भिजलेल्या पानांचा वास होता. रहदारी फारशी नव्हती. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी मी थांबले, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे पाहिले. उजवीकडचा रस्ता थेट वळणापर्यंत मोकळा होता. तो मोकळा असल्याची चांगली खात्री करून घेऊन मी पाऊल टाकले, आणि दुसरे पाऊल पडते न पडते तोच डाव्या बाजूने टायर घासल्याचा आवाज आला.

मोटार माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. बॉनेटची ऊब गुडघ्यांना जाणवत होती, इतकी ती जवळ होती. काचेमागे एक वृद्ध बाई होत्या, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असाव्यात. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, काच खाली करून त्या काही बोलल्याही नाहीत. त्यांनी स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले आणि तळवे माझ्याकडे करून ते तसेच हवेत धरून ठेवले. त्या हातांत राग नव्हता. आपल्या हातून आत्ता काय घडणार होते, हे उमगलेल्या माणसाचे ते हात होते. मी क्षमा मागण्यासाठी हात जोडले, पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. मी पुढे गेले नाही. मागे वळून फुटपाथवर परतले आणि एका दुकानाच्या भिंतीला टेकून उभी राहिले. मोटार बराच वेळ तिथेच थांबून मग अगदी सावकाश निघून गेली.

संध्याकाळी लेकीला सांगितले. ती रागावेल असे वाटले होते, पण तिने शांतपणे विचारले, “डावीकडे बघितलंच नाहीस का?”

“बघितलं गं. दोन्हीकडे बघितलं.”

“शेवटी कुठे बघितलंस, आई?”

त्या प्रश्नाने मी गप्प झाले. शेवटी मी उजवीकडे पाहिले होते. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. हा मंत्र मला वडिलांनी दिला होता. ते रस्ता ओलांडताना माझा हात धरत नसत, मनगट धरत. मुलाची बोटे घामाने निसटतात, मनगट निसटत नाही, असे ते म्हणत. त्यांचा अंगठा माझ्या नाडीवर घट्ट बसलेला असे आणि प्रत्येक दिशेचे नाव घेताना तो किंचित दाबला जाई. ते तीन दाब माझ्या शरीरात इतके मुरले आहेत की आजही रस्त्याच्या कडेला उभी राहिले की मान आपोआप त्याच क्रमाने वळते. हा क्रम कुणाच्या मनाला आले म्हणून ठरलेला नाही, हे मला आता कळते. वाहतूक डाव्या बाजूने चालते तिथे फुटपाथवरून उतरल्यावर पहिला धोका उजवीकडून येतो, म्हणून सुरुवात उजवीकडे आणि शेवटची, सर्वांत ताजी नजरही उजवीकडे. मधली डावीकडची नजर पलीकडच्या अर्ध्या रस्त्यासाठी असते, ती थोडी शिळी झाली तरी चालते. वाहतूक उजव्या बाजूने चालणाऱ्या शहरात मात्र हाच क्रम जसाच्या तसा उलटा पडतो. ज्या बाजूने मोटार येणार त्या बाजूची माझी नजर दोन-तीन सेकंद शिळी होती आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून ती बाहेर पडली होती. मी बेसावध नव्हते. मी पूर्ण सावध होते, पण दुसऱ्या एका रस्त्यासाठी.

याच चुकीने विन्स्टन चर्चिल मरता मरता वाचले होते. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर ते एका मित्राचे घर शोधत होते. टॅक्सीतून उतरून रस्ता ओलांडताना ते मध्यापर्यंत पोहोचले आणि तिथे त्यांनी इंग्लंडमधल्या सवयीने डावीकडे पाहिले. मोटार उजवीकडून आली. डोक्याला जखम, छातीला मार, मग रुग्णालयातले आणि त्यानंतरचे कितीतरी दिवस. दोष पूर्णपणे आपला असल्याचे त्यांनी सांगून टाकले आणि पुढे या अपघातावर लेखही लिहिला. मला त्यात जाणवते ती रस्त्याच्या मध्यावरची जागा. माझी चूक पहिल्या पावलाला झाली, त्यांची निम्मे अंतर पार केल्यावर. मध्यावर पोहोचलेल्या माणसाला निम्मे काम झाल्याचा दिलासा वाटतो, आणि नेमका तिथेच क्रम पुन्हा उलटतो. ज्या दिशेकडे आतापर्यंत पाठ फिरवलेली चालत होती, त्याच दिशेने आता वाहने येणार असतात. दुभाजकाचा अरुंद कट्टा असेल तर तिथे थांबून नव्याने सुरुवात करता येते. कट्टा नसेल तर अनोळखी रस्ता एका दमात ओलांडू नये, दोन रस्ते आहेत असे समजून दोनदा ओलांडावा, असे मी हल्ली स्वतःला बजावते.

पण उजवे-डावे बदलले एवढ्यावर अनोळखीपण संपत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी हनोईत चार दिवस राहिले होते. तिथल्या जुन्या शहरभागात दुचाक्यांचा लोंढा दिवसभर अखंड वाहत असतो. पहिल्या दिवशी मी कडेला उभी राहून फट पडण्याची वाट पाहत राहिले आणि ती फट काही पडली नाही. शेवटी टोपली घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या मागे मागे मी उतरले. त्या न थांबता, न धावता, एकाच संथ लयीत चालत गेल्या आणि पाण्यातल्या खांबाला वळसा घालून पाणी जावे तशा दुचाक्या आमच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या. सायलेन्सरची गरम हवा पोटऱ्यांना लागत होती, एक आरसा कोपराला निसटता घासून गेला. तिथे प्रत्येक चालक तुमच्या चालीचा अंदाज बांधून आपली वाट आधीच ठरवतो. तुम्ही दचकून थांबलात किंवा एक पाऊल मागे घेतलेत तर त्याचा अंदाज चुकतो. म्हणजे मला लहानपणापासून जी सावधगिरी शिकवली गेली, शंका आली की थांब, तीच तिथे धोक्याची होती. मात्र दुचाकीच्या बाबतीत जे खरे आहे ते बस किंवा मोटारीच्या बाबतीत खरे नाही. ती अरुंद जागेत वळसा घालू शकत नाही, आणि बस दिसताच त्या बाई थबकल्या होत्या, हेही मला आठवते. त्यांना कोणापुढे चालायचे आणि कोणासाठी थांबायचे हे माहीत होते. मी फक्त त्यांची पाठ पाहून चालत होते.

शारीरिक मर्यादा मात्र कुठल्याही शहरात सारख्याच असतात. साधारण माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. वय झाले, गुडघे दुखत असले, हातात ओझे असले की त्याहून कमी. सात मीटर रुंद रस्ता ओलांडायला सहा सेकंद धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तेवढ्या वेळात ८० मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. ऐंशी मीटरवरची मोटार डोळ्यांना लांब वाटते. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग ओळखण्यात आपले डोळे फार कच्चे असतात, कारण दूरवरची मोटार बराच वेळ जवळजवळ तेवढीच दिसत राहते आणि अगदी जवळ आल्यावर एकाएकी मोठी होते. त्यात परक्या शहरात तिथला नेहमीचा वेग काय हेही अंगवळणी पडलेले नसते. आपण आपल्या ओळखीच्या रस्त्यावरचा वेग त्या मोटारीला लावून मोकळे होतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये थांबण्याच्या अंतरांचा एक तक्ता आहे. ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर वेगातली मोटार पूर्ण थांबायला त्यात २३ मीटर धरले आहेत, आणि त्यातले पहिले ९ मीटर चालकाला धोका कळून ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंतच निघून जातात. वेग ताशी २० मैलांवर आणला की एकूण अंतर १२ मीटर होते. त्या बाईंची मोटार माझ्यापासून हातभर अंतरावर थांबू शकली ती त्या हळू चालवत होत्या म्हणून. माझ्या सावधपणाचा त्यात काही वाटा नव्हता, त्यांच्या सावधपणाचा होता.

त्यानंतरचे काही दिवस मी रस्ते ओलांडण्यापेक्षा पाहण्यात जास्त घालवले. घराजवळच्या चौकातल्या बाकावर बसून मी लोक कसे जातात ते पाहत असे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की त्याच वेळी बाजूच्या रस्त्यावरून वळणाऱ्या मोटारींनाही हिरवा मिळतो आणि त्यांनी पादचाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे असते. स्थानिक माणूस हिरवा लागल्यावरही खांद्यावरून मागे एक नजर टाकतो. परका माणूस हिरव्या दिव्याकडे पाहत सरळ चालू लागतो. ट्रामचे तर वेगळेच. मोटारी पट्ट्यांवर पादचाऱ्यासाठी थांबतात म्हणून ट्रामही थांबेल असे नवख्याला वाटते, पण चेक कायद्यानुसार पट्ट्यांवरसुद्धा पादचाऱ्यानेच ट्रामला वाट द्यायची असते. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरत असते, वळून चुकवण्याची सोय नाही, थांबायला अंतर जास्त लागते, त्यामुळे नियम तर्काला धरूनच आहे. पण तो रस्त्यावर कुठे लिहिलेला नसतो. ट्राम घंटा वाजवते. ती घंटा आपल्यासाठी आहे हे ज्याला माहीत नाही त्याला ती शहराच्या इतर आवाजांतला एक गोड आवाज वाटते. पहिल्या दिवशी मलाही ती तशीच वाटली होती.

आणि काच. चालकाच्या नजरेला नजर मिळवा, असे सगळेच सांगतात. बाकावरून मी पाहिले, की दिवसाच्या बऱ्याच प्रहरी समोरच्या काचेत आकाश उमटलेले असते आणि आतले माणूस दिसतच नाही. काचेच्या कडेचा खांब तर उभा माणूस सहज झाकून टाकतो. आपण त्याला पाहिले म्हणजे त्याने आपल्याला पाहिले, हा समज मोडायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

मनात एक राग आहे, तोही लिहिला पाहिजे. सगळे शिकायचे ते पायी चालणाऱ्यानेच का? नव्या गावात आलेला माणूस भाषा, वाटा, चलन, हवामान यांच्याशी झगडत असतोच, त्यात एका चुकीच्या नजरेची शिक्षा थेट जीव ही कुठली रीत? १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने मेलेली ती पहिली पादचारी मानली जाते. आपण ताशी चार मैलांच्या वेगाने येत होतो, असे चालकाने सांगितले. समोरून मोटार येत असताना ती गोंधळून जागीच थांबली, असे नोंदले गेले. तिची लेक बरोबर होती. मोटार हीच वस्तू तेव्हा इतकी नवी होती की समोर आल्यावर काय करायचे याची कुठलीही सवय त्या बाईच्या शरीरात नसणार. असे पुन्हा कधी होऊ नये, अशी इच्छा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तेव्हा व्यक्त केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे गेली, आणि त्यांत पायी चालणारे एक पंचमांशाहून अधिक होते. हे वाक्य लिहिताना मला त्या लेकीचाच विचार येतो.

लंडनमध्ये फुटपाथच्या कडेला, नेमके जिथे पाऊल पडणार तिथे, डांबरावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘उजवीकडे पाहा’ किंवा ‘डावीकडे पाहा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द रंगवलेले असतात. स्वतःच्या माणसांना त्यांची गरज क्वचितच पडते. ती अक्षरे परक्यासाठी आहेत आणि त्यांचा मला फार जिव्हाळा वाटतो, कारण एका शहराने तिथे मान्य केले आहे की तुझी नजर चुकणार, तो तुझा गुन्हा नव्हे. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे रस्ताच असा करायचा की नजर चुकली तरी जीव जाऊ नये. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारले: माणूस चुकणारच, तेव्हा वेग, वळणे आणि पट्ट्या त्या चुकीला पोटात घेतील अशा आखायच्या. २०१९ साली नॉर्वेच्या ऑस्लोसारख्या राजधानीत वर्षभरात एकही पादचारी रस्त्यावर मेला नाही. मोटारींचा वेग आणि त्यांना दिलेली जागा दोन्ही तिथे कमी केली गेली होती. तिथेही परके लोक येत होते, तिथेही कोणीतरी चुकीच्या बाजूला पाहत असणारच.

स्वीडनची आणखी एक गोष्ट मला लेकीने सांगितली आणि ती डोक्यातून जात नाही. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता त्या संपूर्ण देशाने रस्त्याची बाजू बदलली. रस्त्यावर जी काही वाहने होती ती पाचला दहा मिनिटे कमी असताना थांबली, डावीकडून उजवीकडे सरकली आणि पाचच्या ठोक्याची वाट पाहत उभी राहिली. गोंधळ माजेल, माणसे मरतील अशी भीती होती. झाले उलटेच, सुरुवातीच्या काळात अपघात घटले आणि दोनेक वर्षांनी आकडे पुन्हा पूर्वीच्या वळणावर गेले. वेगमर्यादा तेव्हा तात्पुरत्या खाली आणल्या होत्या, हे खरे. पण मला वाटते, एका सकाळी सगळा देशच परका झाला होता. चालणाऱ्याला आपल्या मानेवर भरवसा नव्हता, चालवणाऱ्याला आपल्या हातांवर नव्हता, आणि आपण चुकू शकतो हे दोघांनाही एकाच वेळी ठाऊक होते. परक्या गावात मी चुकू शकते हे फक्त मला ठाऊक असते, तेही चुकल्यानंतर. खुद्द प्रागमध्येही २६ मार्च १९३९ पर्यंत वाहने डाव्या बाजूनेच चालत. जर्मन फौजा शिरल्यानंतर काही दिवसांतच बाजू बदलली गेली. मी ज्या रस्त्यावर चुकले, त्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या आईवडिलांनी कधीतरी माझ्याच क्रमाने माना वळवल्या असतील. ते वाचले तेव्हा मला त्या गावाविषयी एकदम आपुलकी वाटली, आणि ती बाजू त्यांच्याकडून कोणत्या परिस्थितीत बदलून घेतली गेली हे आठवून वाईटही वाटले.

बाकावर बसण्याच्या त्या दिवसांत एक अंध गृहस्थ रोज दहाच्या सुमारास चौकात येत. तिथल्या सिग्नलच्या खांबातून टकटक आवाज येतो. लाल दिवा असताना संथ, हिरवा झाला की भराभर. हातातली पांढरी काठी जमिनीला टेकवून ते खांबाजवळ उभे राहत. टकटक भराभर सुरू झाली की भोवतीची माणसे निघत, ते मात्र निघत नसत. मान किंचित खाली घालून ते आणखी दोन क्षण थांबत. सुरुवातीला मला वाटले, त्यांना उशिरा कळते. मग लक्षात आले, ते खांबाचा आवाज ऐकून संपल्यावर मोटारींचा आवाज ऐकत असत. जवळचे इंजिन संथ झाले का, टायर ओल्या दगडांवर अजून फिरते आहे का. विजेच्या मोटारी फारच गुपचूप येतात, म्हणून युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात आवाज करणे सक्तीचे झाले आहे, हे लेकीने सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हेच गृहस्थ आले. त्यांच्या थांबण्याला उजवीकडे-डावीकडे असा क्रम नव्हता. काठी उचलण्याआधी ते सगळा रस्ता एकदा ऐकून घेत. मी बाकावर बसून डोळे मिटून तसे ऐकण्याचा प्रयत्न केला. टकटक, ट्रामची घंटा, एक सायकल, कुणाच्या तरी बुटांच्या टाचा. मोटारी कुठे आहेत ते मला सांगता येईना.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच त्या पहिल्या पट्ट्यांपाशी गेले. तिथे सिग्नल नाही, टकटक नाही. दगड पुन्हा ओले होते. मान सवयीने उजवीकडे वळू लागली, तेव्हा मी डाव्या हाताने स्वतःचे उजवे मनगट धरले आणि अंगठा नाडीवर दाबून ठेवला. डावीकडे पाहिले. एक लहान मोटार पट्ट्यांच्या अलीकडे येऊन थांबली होती, पण काचेत ढगांखेरीज काही दिसत नव्हते. मी थांबून राहिले. मोटारही थांबून राहिली. मग ढगांच्या आडून, स्टिअरिंगच्या वर, एक हात उठला आणि पलीकडच्या फुटपाथकडे वळला. एकच हात. उजवीकडे पाहिले, पुन्हा डावीकडे पाहिले, आणि मी रस्त्यावर उतरले.